उभीला मोठं काळीज

सुयोगमामाच्या शेडमध्ये पाण्यावरच्या स्कूटरना दोनच नावं होती. ज्यांच्यावर ऐटीत बसून जायचं त्या बसक्या, आणि जिला बसायला सीटच नाही ती उभी. बसक्यांचा मान मोठा, कारण गोराईला फिरायला येणाऱ्या माणसांना त्याच हव्या असतात. उभी कोपऱ्यात ताडपत्रीखाली. अंगाने लहान, समोर लांब दांडा, दांड्याला हँडल, मागे पाय ठेवायला रबर चिकटवलेली अरुंद जागा, बस्स. तिच्यावर चढायचं म्हणजे आधी पाण्यात पोटावर लोंबकळायचं, इंजिन ओढायला लागलं की गुडघे टेकायचे आणि वेग आला की उभं राहायचं. वेग आला नाही तर सगळं मुसळ केरात, तुम्ही आणि ती दोघंही बुडबुडे सोडत खाली.

गंधाली तिच्यावर उभी राहायला शिकली ती मे महिन्यात. मामाने गंमत म्हणून हँडल हातात दिलं होतं, एकदा आपटली की नाद सुटेल अशा हिशोबाने. ती एकदा नाही, इतक्यांदा आपटली की खाडीचं खारं पाणी नाकातून जाऊन डोळ्यांतून यायला लागलं. आणि मग एका दुपारी, कसं ते तिलाही सांगता येणार नाही, पायाखालचं पाणी एकदम कडक झालं आणि ती उभी होती.

आता हे काय मोठं, असं ज्यांना वाटेल त्यांनी गंधालीला त्याआधी पाहिलेलं नाही. बोरिवलीच्या आपल्या शाळेत ती सगळ्यांत उंच, मुलं धरून. खांदेही रुंद. प्रार्थनेला शेवटची, फोटोत मागच्या रांगेत कडेला, आणि त्या उंचीची माफी मागितल्यासारखी मान कायम थोडी पुढे झुकलेली. उभीवर मान झुकवून चालत नाही, झुकवली की थेट पाण्यात. त्या दिवसापासून गंधाली घरातही इतकी ताठ चालायला लागली की आईला वाटलं पोरीची मान आखडली. तिने रात्री तेल कोमट करून आणलं.

"आई, दुखत नाहीये काही. मी अशीच आहे."

"अशीच म्हणजे?"

"एवढी उंच."

आईने तेल परत बाटलीत ओतलं.

मग पावसाळा आला, खाडी बंद झाली, आणि त्या चार महिन्यांत गंधाली आणखी वाढली. गणपती गेल्यावर ती धावतपळत शेडवर आली, उभीला पाण्यात घातलं, पोटावर लोंबकळली आणि हँडलचा खटका दाबला. उभी घुरघुरली, थरथरली आणि तिथेच बसली. मागचं बूड पाण्याखाली, नाक आभाळाकडे. एखाद्या म्हातारीला कोणी भरलेला हंडा उचलायला सांगावा तशी. गंधालीने पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

किनाऱ्यावर देवेश बसकीचं झाकण पुसत उभा होता. देवेश मामाचा भागीदार, मूळचा मालवणचा आणि देहाने बांबूची काठी. वर्षातले सहा महिने तो गावाला तारकर्लीच्या किनाऱ्यावर याच धंद्यात असतो, बाकी गोराईला.

"वजन कमी कर गो," तो ओरडला. "मगे उचलतली तुका."

मागच्या वर्षीची गंधाली हे ऐकून घरी गेली असती आणि रात्री भाकरी अर्धीच खाल्ली असती. या वर्षीची गंधाली कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, वेणी पिळली आणि म्हणाली, "मी कशाला कमी होऊ? इंजिन मोठं करू ना."

देवेश हसला. मामा मात्र हसला नाही, आणि चूक इथेच झाली, असं देवेश पुढे कितीतरी दिवस म्हणत होता.

कारण मोठं इंजिन शेडमध्येच होतं. मालवणला एक बसकी खडकावर आपटून फाटली होती, पण तिच्या पोटातल्या इंजिनाला ओरखडाही नव्हता. देवेशने ते जपून काढलं, ताडपत्रीत गुंडाळलं आणि दुरुस्तीसाठी मुंबईला आणलं. आता ते ठणठणीत होतं, आणि मालवणला त्याची दुसरी एक बसकी इंजिनाविना आडवी पडून होती. दसऱ्यानंतर हंगाम सुरू होतो. देवेशच्या डोक्यात त्या इंजिनाची जागा पक्की झाली होती.

"ता इंजिन माझ्या बसकीचा असा, सुयोगदा," तो म्हणाला. "ह्या खेळण्यात घालूक नाय हाडलंय मी."

"खेळणं कोणाला म्हणतोस?" गंधाली.

"जा चार फूट पुढे जाऊक नाय, ताका."

मामा हा कोणालाच नाही न म्हणणारा माणूस. अशा माणसांचं होतं तेच त्याचं झालं, त्याने दोघांनाही हो म्हटलं. मग दोघं त्याच्याकडे टक लावून पाहायला लागल्यावर डोकं खाजवत एक तोड काढली. इंजिन उभीत बसवून बघायचं. दसऱ्याला सकाळी भरती आहे. जेटीपासून पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत जायचं, वळसा घालून परत यायचं. मध्ये कुठेही इंजिन बंद पडता कामा नये. गेली-आली तर इंजिन कायमचं उभीचं. बंद पडलं तर ते संध्याकाळच्या टेम्पोत देवेशबरोबर मालवणला, आणि उभी भंगारात.

"भंगारात कशाला?" गंधालीचा आवाज जरा खाली आला.

"जुन्या इंजिनाने ती तुला उचलत नाही, दुसऱ्या कोणाला ती नको आहे. ठेवून काय लोणचं घालू तिचं?" मामा म्हणाला. तेही खरंच होतं.

आईला, म्हणजे सुहासिनीबाईंना, हे सगळं दुसऱ्या दिवशी कळलं. त्या अंधेरीला विम्याच्या ऑफिसात, आणि समोरच्याचं सगळं ऐकून घेऊन मग शेवटी नाही म्हणायची त्यांना सवय. सगळं ऐकून घेतलं.

"दहावीचं वर्ष आहे."

"माहितीये."

"सहामाहीत एक मार्क जरी खाली आला तर ते इंजिन मी स्वतः भंगारात टाकेन, आणि सुयोगला त्याच्यासोबत."

हा नकार नव्हता. गंधालीने लगेच बॅग उचलली.

दिसायला काम सोपं होतं, जुनं काढायचं आणि नवं ठेवायचं. पण नवं इंजिन उभीच्या पोटात उतरवलं तेव्हा एकही भोक जुन्या भोकाला जुळेना. बसकीचं पोट ऐसपैस, उभीचं म्हणजे मुंबईतल्या स्वयंपाकघरासारखं, एक वस्तू आत घ्यायची तर दुसरी हातात धरून उभं राहावं लागतं. मामाने अॅल्युमिनियमची जाड पाटी आणली. गंधालीने पुठ्ठा कापून आधी त्याच्यावर भोकांचा नकाशा काढला, तो पुठ्ठा पोटात चारदा आत-बाहेर केला, मग पाटीला भोकं पाडली. इंजिन बसलं. झाकण लागेना. झाकणाखाली रबराची जाड पट्टी चिकटवून ते वर उचललं. झाकण लागलं, तर मोठ्या इंजिनाच्या वजनाने नाक खाली. बॅटरी काढून मागे नेली.

आणि मग आलं सगळ्यांत चिकट काम. इंजिनाचा फिरता दांडा आणि मागच्या पंपाचा दांडा एका रेषेत यायला हवेत. मध्ये रबराची चकती असते, पण ती काही जादू करत नाही. दांडे केसभर जरी वाकडे राहिले तरी सगळी स्कूटर दात वाजवत सुटते आणि चकतीचा भुगा होतो. मामाने डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, ठीक वाटतंय. गंधालीने कंपासपेटीतली स्टीलची पट्टी काढली, दोन्ही दांड्यांच्या तोंडांवर आडवी धरली आणि तिच्याखाली मोबाइलचा उजेड सोडला. एका बाजूने उजेडाची फट दिसत होती.

"दिसतंय?"

"एवढंसं चालतं गं."

"नाही चालत. तूच मला शिकवलंयस की चालत नाही."

कोल्ड्रिंकच्या डब्याचे पातळ तुकडे कापून ते इंजिनाच्या पायाखाली एकेक सरकवत ती दोन रविवार पालथी पडून होती. फट बुजली तेव्हा नवरात्र सुरू झालं होतं. मैत्रीण मानसी तिला गरब्याला ओढून घेऊन गेली, आणि रिंगणात टाळ्या देताना समोरच्या प्रत्येकीचं लक्ष तिच्या नखांतल्या काळ्या ऑइलकडे. "मेंदी गं, नवीन डिझाइन," गंधाली प्रत्येकीला सांगत होती. एकीने कुठे काढून मिळेल म्हणून विचारलंसुद्धा.

राहिलं पाणी. हे इंजिन पाण्यानेच थंड होतं. मागचा पंप जे पाणी जोरात ढकलतो, त्यातलंच थोडं एका बारीक नळीतून इंजिनाभोवती फिरतं आणि पुढे बाजूच्या भोकातून धार धरून बाहेर पडतं. धार दिसतेय म्हणजे पोटात पाणी फिरतंय, सगळं क्षेम. धार बंद म्हणजे इंजिन तापणार, आणि तापून जाम झालं की ते इंजिन राहत नाही, दगड होतो. देवेश या धारेला एक सरळसोट शब्द वापरायचा. मामाने त्याला बजावलं की पोरीसमोर नीट बोल, धार म्हण. तेव्हापासून शेडमध्ये सगळ्यांत मोठ्याने "सू आली का रे" असं गंधालीच विचारायची.

तिला काळजी होती खाडीची. गोराईच्या खाडीत पाणी कमी आणि बाकी सगळं जास्त असतं. गुटख्याच्या पुड्या, दोरे, पिशव्यांच्या चिंध्या. मोठ्या इंजिनाला पाणी जास्त लागणार, आणि त्या बारीक नळीत एक चिंधी अडकली की संपलं. म्हणून तिने एक युक्ती केली. नळीच्या तोंडाशी, झाकणाखाली हात पोचेल अशा जागी, तिने बारीक जाळी बसवली. जाळी कुठून आणली हे तिने कोणाला सांगितलं नाही. त्याच दिवसापासून घरात आई फडक्याने चहा गाळत होत्या आणि गाळणी काय पाय फुटून गेली की काय म्हणून ओट्याखाली वाकून पाहत होत्या.

शेडमध्ये पाण्याचा पाइप लावून इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा निळा धूर झाला, जेटीवरची कुत्री पळाली, आणि आवाज असा की पत्र्याला टांगलेल्या पक्कडी वाजायला लागल्या. सू आली. जाड, सरळ, न तुटता. देवेश लांब तोंड करून ऐकत होता.

"आवाज बरो असा," तो शेवटी म्हणाला, जणू कोणीतरी त्याच्या खिशातून ते वाक्य काढून घेतलं.

दसऱ्याच्या सकाळी गंधाली आणि आई शेडवर पोचल्या तेव्हा उदबत्तीचा वास आधीच सुटला होता. देवेश सगळ्यांच्या आधी आलेला, केस अजून ओले, कपाळाला टिळा. झाडून काढलेली जमीन, रांगेत लावलेल्या बसक्या, नटबोल्टचे पाने, टेस्टर, हातोडे एका पाटावर मांडलेले. आईंनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. उभीच्या दांड्याला हार घालताना त्या जरा थांबल्या आणि दांड्यावरून हात फिरवला, परीक्षेला निघालेल्या पोरीच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

"हार काढ हं पाण्यात न्यायच्या आधी," मामा म्हणाला. "काय गुंतलं-बिंतलं तर."

गंधालीने हार काढला. सुटलेल्या पाकळ्या एकेक करून वेचल्या. झाकण उघडून आत पाहिलं, नळ्या चाचपल्या, झाकण लावलं. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले. मनगटाला लाल दोरी अडकवली. दोरीचं दुसरं टोक हँडलवरच्या बटणात, माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद.

भरती पुरी झाली होती. तिवरांची खोडं पाण्यात बुडून नुसते हिरवे शेंडे दिसत होते.

"बोया, वळसा, परत," मामा म्हणाला.

"आणि बंद नाय पडूचा," देवेश म्हणाला. तो रबरी बोटीत बसला होता, काही झालं तर ओढून आणायला. टेम्पोवाल्याचा फोन त्याला सकाळीच येऊन गेला होता.

गंधाली पोटावर लोंबकळली. खटका दाबला.

उभीने तिला विचारलंच नाही. गुडघे टेकायला वेळ न देता ती पाण्यातून अशी वर आली की गंधालीचे हात खांद्यातून लांब झाले. मागचं बूड वर, नाक समोर, पाणी कडक. गंधालीने एक पाय घेतला, दुसरा घेतला आणि उभी राहिली. पूर्ण उभी. मान सरळ, खांदे रुंद, जेवढी आहे तेवढी सगळी, आणि खाली ते इंजिन तिला असं घेऊन चाललं होतं की जणू तिच्या वजनाचीच वाट पाहत होतं. गोराईहून येणारी फेरीबोट बाजूने गेली. तिच्यातल्या मोटरसायकलवर बसूनच प्रवास करणाऱ्या एका काकांनी तिला हात केला. तिने हात केला नाही, दोन्ही हात कामात होते, पण ती इतकी हसली की तोंडात पाणी गेलं.

लाल बोया आला. तिने अंग कलतं केलं, उभी कलली, बोयाभोवती फेसाचा गोल निघाला. आता तोंड जेटीकडे. लांबवर आईची पिवळी साडी दिसत होती.

सवयीने तिची नजर खाली गेली. सू बारीक झाली होती.

तिला वाटलं वळणामुळे असेल. सरळ झाल्यावर पुन्हा पाहिलं. धार तुटत होती. ठिपके, ठिपके, आणि मग भोक कोरडं.

इंजिन मात्र झकास चाललं होतं. आवाज तोच, वेग तोच. जेटी समोर, अर्धंच अंतर उरलेलं. किनाऱ्यावरून ती धार कोणाला दिसत नव्हती. ही गोष्ट त्या क्षणी सगळ्या खाडीत फक्त गंधालीला माहीत होती. असंच दामटलं तर कदाचित पोचेलही. मामा टाळ्या वाजवेल, देवेश टेम्पो परत पाठवेल. आणि पोटात इंजिन कोरडं तापत तापत दगड होईल. आज नाही तर उद्या. मग ते उभीचंही नाही आणि देवेशच्या बसकीचंही नाही.

पट्टीखालची उजेडाची फट तिच्या डोळ्यांपुढे आली. एवढंसं चालतं गं. नाही चालत.

तिने मनगट झटकलं. दोरी निघाली. आवाज थांबला आणि उभी तिच्यासकट हळूच पाण्यात बसली.

देवेशची बोट आली. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते ओळखायला कठीण होतं, आनंद तर नव्हता.

"बंद पडला," तो म्हणाला.

"पडलं नाही. मी केलं."

"कित्याक?"

"सू थांबली."

देवेशने झाकण उचलून आत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग त्याने उभीला दोर बांधला. येताना सगळा वेळ तो मागे वळून त्या झाकणाकडे पाहत होता.

जेटीशेजारच्या उतारावर मामा आणि आई गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते. कोणी काही विचारायच्या आत गंधालीने स्क्रूड्रायव्हर घेतला, नळीची क्लिप सैल केली आणि जाळी बाहेर ओढली. जाळीवर भगव्या-पिवळ्या लगद्याचा पापड चिकटला होता.

पहिल्यांदा आई बोलल्या. "ही माझी गाळणी."

"आई, नंतर."

"मी फडक्याने चहा गाळतेय गं इतके दिवस."

मामाने लगदा चिमटीत धरून वास घेतला. "झेंडू. हार आत गेला? काढायला सांगितलं होतं ना तुला."

"सगळा काढला मी. पाकळ्यासुद्धा वेचल्या." गंधालीने आठवून पाहिलं. तिला खात्री होती. "माझ्या हातून नाही गेला."

मग देवेशने घसा साफ केला. तो खाली, आपल्या पायांकडे पाहत होता.

"पंपात एक फूल ठेवललंय मी."

"काय?"

"सकाळी. तुम्ही येवच्या आधी." त्याने मान खाजवली. "मशीन पाण्यात चलता ता पंपावर. दांड्याक हार घालून काय उपयोग? दर दसऱ्याक सगळ्यांच्या पंपात मी एक फूल ठेवतंय, आत सरकवून. बसक्यांका कधी काय होणा नाय. सुरू केली काय फूल मागसून भायर जाता."

"पण हिच्या विरोधात होतास ना तू?" मामा म्हणाला.

"म्हणान काय दसऱ्याक तिका तशीच ठेवू?" देवेशला हा प्रश्नच कळला नव्हता. मग तो गंधालीकडे वळला आणि त्याचा आवाज पडला. "तुका हरवूक नाय ठेवललंय गो. शप्पत."

"माहितीये रे," गंधाली म्हणाली. "हरवायला कोण पूजा करतं." ती गाळणी हातात फिरवत होती. "आणि बसक्यांमध्ये गाळणी नसते. चिंध्या अडकू नयेत म्हणून मी इतकी बारीक जाळी घेतली की तुझं फूल अडकलं. नुसत्या नळीतून निघून गेलं असतं."

"म्हणजे चूक कोणाची धरायची?" आईंचं ऑफिस जागं झालं.

"अर्धी अर्धी, ताई," देवेश म्हणाला.

मामा उतारावरच उकिडवा बसला. अट त्यानेच घातली होती आणि आता ती त्याच्याच गळ्यात आली होती. "बंद तर झालं," तो म्हणाला. "ठरलं होतं तसं..."

"बंद झालं, मान्य," गंधाली म्हणाली. तिचा आवाज अजिबात खाली गेला नाही. "ती फेरी हरले मी. पण भरती अजून उतरलेली नाही. इंजिन गार झालं की पुन्हा जाते. या वेळी जाळी नाही, फूल नाही. काय ते खरंखुरं बघा."

"अट एकदाच जायची होती गं."

"जाव दे तिका," देवेश म्हणाला.

मामाने वर पाहिलं.

"जाव दे म्हणतंय. ती तशीच दामटून इली असती तर तुका कळला असता? माका कळला असता? ता इंजिन उभीतच रवला असता, आणि दोन दिसांनी भर खाडीत जाम झाला असता." त्याने नाक ओढलं. "इंजिन वाचवल्यान तिणा. एक फेरी तिची लागता."

मग वाट पाहणं आलं, आणि ते सगळ्यांत अवघड. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नसतं, ते आपल्या मर्जीने गार होतं. शेडमध्ये चहा झाला. आईंनी ती गाळणी नळाखाली तीनदा घासली, नाकाशी नेली, पुन्हा घासली, आणि शेवटी देवेशच्या फडक्यानेच चहा गाळला. तिकडे तिवरांच्या शेंड्यांखाली ओल्या खोडांची एक काळी रेघ दिसायला लागली होती. पाणी उतरायला सुरुवात झाली होती. थोड्या वेळाने उताराच्या पायथ्याशी चिखल उघडा पडला असता आणि मग उभीला न्यायला वाटच उरली नसती. मानसीचा मेसेज आला, झालं का, व्हिडिओ पाठव. गंधालीने लिहिलं, इंटरव्हल चालू आहे.

देवेशने झाकणाखाली हात घातला, या वेळी ठेवून पाहिला. "जा," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा उभी आणखी हलकी उठली, की गंधालीलाच ती आता ओळखीची झाली होती कोण जाणे. ती समोर कमी आणि खाली जास्त पाहत होती. सू येत होती. बोयाला वळसा घातला, सू येत होती. परत निघाली, आईची पिवळी साडी मोठी मोठी होत गेली, आणि सू तशीच, जाड, सरळ, उन्हात चकाकत. उताराजवळ आल्यावर तिने मुद्दाम तिरकं वळण घेतलं. मामा नखशिखांत भिजला आणि त्याने हरकत घेतली नाही.

देवेशने फोन काढला. "हां, मी बोलतंय. टेम्पो नको आज. नाय नाय, सामानच नाय." फोन खिशात घालून तो थोडा वेळ उभीकडे पाहत राहिला. मालवणची बसकी यंदाही आडवीच राहणार होती, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. गंधालीलाही दिसलं.

"दादा, दिवाळीच्या सुट्टीत मी येते मालवणला," ती म्हणाली. "उभीतलं जुनं इंजिन चांगलं आहे. छोट्या बोटीला लागेल तुझ्या. मी बसवून देते."

"तू बसवतलंस?"

"मग काय. पट्टी घेऊन येते."

"सहामाहीचा निकाल घेऊन जायचं आधी," आई मागून म्हणाल्या.

देवेशने शर्ट काढला, लाइफ जॅकेट चढवलं आणि पाण्यात उतरला. "आण हय. एकदा माका बघूक व्हया, काय एवढा असा तिच्यात."

मनगटाला दोरी बांधली, पोटावर लोंबकळला आणि देवेशने खटका दाबला, बसकीचा दाबायची सवय होती तसा पुरा. उभी पाण्यातून सुटली. देवेश मात्र सुटला नाही, म्हणजे तिच्याबरोबर सुटला नाही. हँडल हातातून निघून गेलं, दोरी निघाली, आणि तो बांबूसारखा आडवा, होता तिथेच, पाण्यावर तरंगत राहिला. उभी थोडं पुढे जाऊन शांतपणे थांबली.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी एक गुडघा टेकला, आणि मग आकाशात त्याचे दोन्ही तळपाय दिसले. तिसऱ्यांदा आईंनी पदर तोंडाला लावला.

देवेश शिंकत, थुंकत वर आला. गंधाली कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, एका हाताने उभीला धरून, वेणी पिळत.

"थोडं वजन वाढव, दादा," ती म्हणाली. "मग उचलेल तुला."